शुक्रवारच्या जेवणाआधी

ठाणे, मंगळवार

चि. बाळीस,

काल तू फोन ठेवलास तो रागानेच ना? "आई, इथे इस्राएलात मटण मिठवूनच मिळतं, किती वेळा तेच सांगशील?" खरं आहे तुझं. मांसातलं रक्त निघून जावं म्हणून अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, मग तीन पाणी, हेच मी घोकत बसले. इथल्या आम्हा बेने इस्राएल ज्यूंचं आयुष्य त्यातच गेलं गं. शोहेतकडून, म्हणजे धर्माप्रमाणे कापणाऱ्याकडून, कोंबडी आणा, मिठवा, कलेजी आधी विस्तवावर भाजा. रेवदंड्याला आजी कोळणीच्या पाटीतला मासा उचलून आधी खवलं बघायची, बिनखवल्याचं आपल्यात चालत नाही. पापलेट, रावस, बांगडा घरात यायचा. कोलंबी, कुर्ल्या, मुशी आम्ही शेजाऱ्यांच्या अंगणात नुसती बघायचो.

शुक्रवारी तुझे सासू-सासरे पहिल्यांदाच तुझ्याकडे जेवणार. ते मोरोक्कोकडचे ज्यू, त्यांचे रिवाज वेगळे. तुझ्या हातचं जेवतील ना ते?

हे विचारायचं नाही असं ठरवून बसले होते.

पण मोठ्या आत्याचं आठवतं. १९६४ साली आपल्या लोकांना तिकडे लग्नासाठी, आपण ज्यूच आहोत हे पटवायला, आजी-पणजीपर्यंतचा हिशेब द्यावा लागत होता, तेव्हा ती जेरुसलेमला धरण्याला बसली होती. ऑगस्टअखेर निकाल आपल्या बाजूने लागला. पण पुढे कितीतरी वर्षं कुणी तिच्या घरी ताटातलं उरवलं की ती रात्री ते ताट आठवत बसायची. तुला तसं बसावं लागू नये, एवढंच. आता काळ बदललाय, तूच म्हणतेस. असेल.

मासे आधी वाढ, मटणाच्या ताटात नको. कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवून एकेक काडी उजेडात बघ. भात-रस्सा सूर्य मावळून शाब्बाथचा विसावा लागायच्या आत प्लाटावर, म्हणजे त्या विजेच्या गरम पत्र्यावर, गेला पाहिजे. बघ, परत शिकवायला लागले. माफ कर. सातवीत होतीस तेव्हा शेजारच्या काकूंकडे अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला म्हणून तू अख्खी वाटी ओतून दिली होतीस. त्या हळहळल्या, मी मात्र घरी येऊन तुझ्या पप्पांना चारदा सांगितलं. त्या पोरीला मी काय शिकवणार!

तरी एकच. कोंबडीच्या रश्शात नारळाचं दूध घालशीलच, आपला रस्सा त्याशिवाय होत नाही. तेव्हा फोडलेल्या नारळाची वाटी टेबलावर, त्यांना दिसेल अशी ठेव. रस्सा पांढरट दिसला की मांसात न चालणारं गाईचं दूध पडलं की काय असं मनात येतं आणि पाहुणा तोंडाने विचारत नाही. मटणात बदामाचं दूध घातलं तर शेजारी बदाम ठेवायचे, ही फार जुनी रीत आहे. सासूबाईंनाही ठाऊक असेल. किद्दुशसाठी, शाब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेसाठी, काळ्या मनुका गुरुवारी रात्रीच भिजत घाल. तिकडे वाइन मिळते, माहीत आहे. पण आपलं मनुकांचं शरबतही एका पेल्यात असू दे.

शनिवारी रात्री शाब्बाथ सुटल्यावर फोन कर. इथे कितीही वाजोत, मी जागी आहे. आणि दुसऱ्यांदा भात कुणी कुणी घेतला ते सांग.

तुझी,
आई