आई-बाबांच्या फोनमधल्या व्हीपीएनबद्दल

बंगळुरू

ती. बाबा आणि आई,
सा. न.

ठरलेलं आहे ते आधी सांगते. तुमच्या दोघांच्या फोनवर आणि बाबांच्या लॅपटॉपवर पैसे भरून घेतलेला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणारं ॲप, बसणार आहे, आणि बाबांच्या फोनमधलं ते फुकटचं ॲप जाणार आहे. वर्षाचे पैसे मी भरून टाकलेत. दादा रविवारी कर्वेनगरला येईल, जेवणं झाली की तासाभरात सगळं लावून देईल. तुम्हाला न विचारता केलं हे मला टोचतंय. पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "आम्हाला काय लपवायचंय?" आणि विषय दिवाळीपर्यंत गेला असता. आता मला थांबवत नाही.

बाबा, तुम्हाला फोन कळत नाही असं मी चुकूनही म्हणणार नाही. यूपीआय, महावितरणचं बिल, मिळकतकर, सगळं तुम्ही स्वतः करता आणि मला त्याचा अभिमान आहे. ते फुकटचं ॲपही तुम्ही काळजीपोटीच घेतलंत, ज्येष्ठ नागरिक संघात कुणीतरी सांगितलं म्हणून. विचार बरोबर होता. फक्त ते ॲप बदलायचं आहे.

आत्ता घरच्या ब्रॉडबँडवर तुम्ही कोणती साइट कधी उघडली हे ब्रॉडबँड कंपनीला दिसू शकतं. आत काय वाचलंत ते दिसत नाही, कारण बहुतेक साइट आता एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, चालतात. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरसारखं आहे हे. कोण कोणत्या फ्लॅटमध्ये गेलं ते लिहिलेलं असतं, आत काय बोलणं झालं ते नसतं. पण आधी थायरॉइडची साइट, मग डॉक्टरांची, मग त्या गोळ्यांची, असं ओळीने रजिस्टर वाचलं तरी आईच्या तब्येतीचं पुष्कळ कळतं. ते आपल्या घरातच राहावं एवढंच मला वाटतं.

व्हीपीएन लावला की फोनपासून त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत सगळी ये-जा कुलूपबंद होते. ब्रॉडबँडवाल्याला एवढंच दिसतं की हा फोन एका सर्व्हरशी बोलतोय आणि इतका डेटा गेला. समोरच्या साइटला तुमच्याऐवजी त्या सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसतो. मात्र आता रजिस्टर व्हीपीएन कंपनीच्या हातात जातं, हे विसरायचं नाही. म्हणून खरं काम कंपनी निवडण्याचं.

फुकट ॲपची मला भीती वाटते ती याच कारणाने. सर्व्हर चालवायला पैसे लागतात. तुमच्याकडून घेतले नाहीत तर दुसरीकडून येतात. २०१३ मध्ये फेसबुकने ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिचा मोफत व्हीपीएन लोक संरक्षण म्हणून वापरत होते, आणि कोण कोणतं ॲप किती वापरतो ही माहिती फेसबुककडे जात होती. २०१८ मध्ये तो ॲपलच्या स्टोअरमधून गेला, २०१९ मध्ये बंदच झाला. होला नावाची मोफत सेवा आपल्या वापरणाऱ्यांच्याच इंटरनेट जोडण्या इतरांना वापरायला विकत होती, हे २०१५ मध्ये उघड झालं. म्हणजे दुसऱ्या कुणी काही उद्योग केला तर पत्ता तुमच्या घराचा दिसणार! २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने आणि इतर संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप्स तपासली. १८ टक्के ॲप्स माहितीला कुलूपच लावत नव्हती, आणि ३८ टक्क्यांमध्ये घातक प्रोग्रामच्या खुणा सापडल्या. २०२० मध्ये हाँगकाँगमधल्या काही मोफत सेवांच्या नोंदी उघड्यावर सापडल्या. "आम्ही नोंदी ठेवत नाही" असं त्या सगळ्या लिहीत होत्या.

सगळंच फुकट वाईट असतं असंही नाही. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन या व्हीपीएन कंपनीची मोफत योजना चांगली आहे, डेटाला मर्यादा नाही. पण ती एका वेळी एकाच उपकरणावर चालते आणि देश निवडता येत नाही. तुम्हाला तीन उपकरणांवर हवा आहे, आणि काही ॲप्स व्हीपीएनच्या बाहेर ठेवायची आहेत. म्हणून स्वीडनच्या मुलवाड या कंपनीचा घेतला. तिला नाव लागत नाही, ईमेल लागत नाही. १६ अंकी क्रमांक हेच खातं. ५ उपकरणं चालतात. महिन्याला ५ युरो, एक महिना घ्या नाहीतर वर्ष, दर तोच. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले आणि ग्राहकांची माहितीच साठवलेली नसल्यामुळे रिकाम्या हाताने परतले. जाहिरातीपेक्षा मला हा पुरावा मोठा वाटतो.

बाबा, वर्षाचे ६० युरो, आजच्या भावाने सुमारे सहा हजार. महाग वाटेल, मला ठाऊक आहे. दोन-तीन वर्षांच्या "८० टक्के सवलत"वाल्या योजना मी पाहिल्या. पहिली मुदत संपली की नूतनीकरणाचा दर बऱ्याचदा दुप्पट होतो, आणि पैसे कार्डातून आपोआप कापले जातात. हिचे आपोआप कापले जात नाहीत. मुदत संपली की बंद, बस.

कायद्याचीही काळजी नको. आपल्याकडे व्हीपीएन वापरणं गुन्हा नाही. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी पत्ते ५ वर्षं जपून ठेवायचे. त्यानंतर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. काही कंपन्या "भारत" असा पर्याय अजून देतात, पण यंत्र असतं सिंगापूरला वगैरे. फक्त जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत मध्येमध्ये बंदीचे आदेश निघतात. आई, वैष्णोदेवीला जाल तेव्हा पुण्याहून निघतानाच तो बंद करायचा.

आता रोजच्या सोयींचं. आई, तुझी सकाळची कीर्तनं यूट्यूबवर आहेत तशीच लागतील, टीव्हीवरही. त्यासाठी दादा "लोकल नेटवर्क शेअरिंग" सुरू ठेवेल. सर्व्हर सिंगापूरचा लावायचा. युरोप-अमेरिकेचा लावला तर प्रत्येक पान अडखळत उघडेल. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ कॉल चालतील. गूगल कधीकधी "सिग्नलची चित्रं निवडा" म्हणेल, कारण त्याच पत्त्यावरून शेकडो माणसं येत असतात. निवडायची आणि पुढे जायचं.

काही ॲप्स मात्र व्हीपीएनच्या बाहेर राहणार. मुलवाडच्या सेटिंग्जमध्ये "स्प्लिट टनेलिंग" आहे, तिथे दादा बँकेची ॲप्स, यूपीआय, डिजिलॉकर, रेल्वे तिकिटांचं ॲप आणि बाबांचं मॅच बघायचं ॲप घालेल. बँकेच्या ॲपला स्वतःचं कुलूप असतंच. उलट तुमचा पत्ता अचानक सिंगापूरचा दिसला तर बँकेला संशय येतो आणि व्यवहार अडकतो. मॅचचे हक्क देशापुरते असतात, म्हणून तेही बाहेर. नोव्हेंबरात जीवन प्रमाणपत्रासाठी चेहरा दाखवायचा असतो, त्याची दोन्ही ॲप्स, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी, त्याच यादीत जातील. बाबा, ही यादी नीट बघून घ्या आणि राहिलेलं ॲप दादाला सांगा.

सरकारी साइटचं वेगळं आहे. परदेशी पत्ता दिसला की त्यातल्या बऱ्याच उघडतच नाहीत आणि माणसाला वाटतं नेट गेलं. म्हणून फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर घालायचा आणि तो अख्खा व्हीपीएनच्या बाहेर ठेवायचा. मिळकतकर, पेन्शन, वीजबिल फायरफॉक्समध्ये. बाकी सगळं क्रोममध्ये.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये व्हीपीएनच्या नावापुढच्या चक्रात "ऑलवेज-ऑन" असतं, ते सुरू करायचं. त्याच्याच खाली "व्हीपीएनशिवायच्या जोडण्या रोखा" असा पर्याय आहे. त्याला हात लावायचा नाही! तो लावला की बाहेर ठेवलेल्या ॲप्सचंही इंटरनेट तुटतं, म्हणजे भाजीवाल्यासमोर यूपीआय बंद. बॅटरीच्या सेटिंगमध्ये मुलवाडला "अनरिस्ट्रिक्टेड" करायला दादाला आठवण करा, नाहीतर फोन रात्री बॅटरी वाचवायला तो बंद करून टाकतो. वर किल्लीचं चिन्ह दिसलं की व्हीपीएन सुरू आहे. कंपनीचं तपासणीचं पान दादा होम स्क्रीनवर ठेवेल. तिथे हिरवं दिसलं की ठीक, लाल दिसलं की मला फोन.

जुनं ॲप काढताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्ले स्टोअरमध्ये "पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स" उघडून त्या ॲपचं काही चालू असेल तर रद्द करायचं. ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही, पैसे जातच राहतात. मग ॲप काढायचं, मग सेटिंग्जमधल्या व्हीपीएनच्या यादीतून त्याचं नाव "फरगेट" करायचं. शेवटी "ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स"मधला "यूझर" हा भाग रिकामा आहे ना ते पाहायचं. तिथे अनोळखी सर्टिफिकेट असलं तर क्रोममधलं कुलूपही उघडता येतं. आणि कोणताही व्हीपीएन तुमचे एसएमएस, संपर्क किंवा फोटो मागू लागला तर लगेच "नाही" म्हणायचं. त्या कामाला यातलं काहीच लागत नाही.

दवाखान्यात थांबताना किंवा पुणे स्टेशनवर वाय-फाय घेतलंत तर आधी मोबाइल नंबर आणि ओटीपीचं पान येतं. व्हीपीएन सुरू असताना ते उघडत नाही. एक मिनिट बंद करायचा, लॉगिन करायचं, पुन्हा सुरू करायचा. खरं सांगू? बाहेर मोबाइल डेटाच वापरा. पॅक मी भरते आहेच.

आई, मी पहिलीत असताना तू माझ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवायचीस आणि "कुणालाही दाखवायची नाही, पोलीसकाका सोडून" असं रोज बजावायचीस. आता बजावायची पाळी माझी, आणि या वेळी पोलीसकाकांनाही काही सांगायचं नाही. व्हीपीएन फोनवरचा माणूस ओळखू शकत नाही. तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला, एनीडेस्कसारखं ॲप घेऊन स्क्रीन दाखवली, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल उघडली, तर व्हीपीएन काही करू शकत नाही. "डिजिटल अरेस्ट" नावाची गोष्ट कायद्यात नाही. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर दिसला तरी फोन ठेवायचा. उद्धटपणा होईल असं वाटलं तरी ठेवायचा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा, माझ्या फोनची वाट पाहायची नाही, आणि मी रागावेन असं तर मनातही आणायचं नाही. मी कधीच रागावणार नाही.

गूगलचा "सिंगापूरहून लॉगिन" असा मेल आला तर घाबरू नका, तो आपल्याच सर्व्हरचा असू शकतो. त्या मेलमधल्या दुव्यावर मात्र बोट ठेवायचं नाही. फोनच्या सेटिंग्जमधून गूगल खातं उघडून तिथे पाहायचं.

१६ अंकी क्रमांक दादा कागदावर लिहून देईल. तो तुमच्या एफडीच्या फाइलमध्ये ठेवा. त्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका, कारण ज्याच्याकडे क्रमांक त्याचं खातं. बाबा, रविवारी दादा सगळं लावेपर्यंत जुनं ॲप उघडू नका आणि बीपीची गोळी जेवणाआधी घ्या, नंतर बोलण्यात राहून जाते. सोमवारी रात्री नऊला मी व्हिडिओ कॉल करते. तेव्हा एकदा व्हीपीएन बंद करून परत सुरू करून दाखवा, आधी आई, मग तुम्ही.

तुमची,
मनू