बैठकीला जाण्यापूर्वी

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात तू तुमच्या औषध कंपनीतर्फे सरकारबरोबरच्या बैठकीला बसणार, हे कळल्यापासून मनात तेच घोळतंय. फोनवर तू मागण्या वाचून दाखवल्यास: करसवलत, संशोधनाला अनुदान, परवानग्या लवकर. त्यात गैर काही नाही. पण औषध तयार झाल्यावर त्याचं काय, हे त्यात कुठेच नाही. आणि तिथेच घोडं अडतं, हे मी जवळून पाहिलंय.

लहानपणी तुला प्रयोगशाळेत नेलं होतं, आठवतं? इन्क्युबेटरमधून काढलेली प्लेट दाखवली होती. सगळीकडे जिवाणूंचा दुधाळ थर आणि औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ, नितळ गोल. त्या गोलाचा व्यास मी चार वर्षं रोज सकाळी पट्टीने मोजला. मग एका दुपारी निरोप आला, प्रकल्प बंद. रेणूत खोट नव्हती. पण नवं अँटिबायोटिक डॉक्टर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात, आणि ठेवायलाच हवं. नाहीतर जिवाणू त्यालाही सरावतात. मग खप कुठून होणार? तेव्हा मी फार चिडले होते, रडलेही. आता कळतं, कंपनीचा हिशेब चुकला नव्हता. जे औषध कमी विकलं जाणंच हिताचं, त्याचे पैसे नगावर का मोजायचे, हे कुणी विचारलंच नाही.

अमेरिकेत अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला 2018 मध्ये मंजुरी मिळाली. सरकारचा पैसाही त्या संशोधनात होता. तरी 2019 च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे अनुदान मिळालं, मंजुरी मिळाली, तरी कंपनी तगली नाही. इंग्लंडने 2022 मध्ये यावर वाट काढली: दोन अँटिबायोटिकांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम, मग कुप्या किती का वापरल्या जाईनात. हे तू बैठकीत मांडच.

मात्र नुसतं मागू नकोस. न्यूमोकोकल लशीचा, म्हणजे गरीब देशांतल्या मुलांना न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या लशीचा, 2009 चा करार नीट वाच. पाच देशांनी आणि गेट्स फाउंडेशनने मिळून दीड अब्ज डॉलरची हमी आधीच दिली. बदल्यात कंपन्यांनी दहा वर्षं पुरवठा करायचं आणि पुढे डोसमागे 3.50 डॉलरहून जास्त न घ्यायचं मान्य केलं. दोन्ही बाजू कागदावर बांधलेल्या! मला हाच करार सगळ्यांत पटतो, कारण त्यात गरीब घरातलं मूल कुणी विसरलेलं नाही. तुमची यादी ऐकताना मला तेच खटकलं, बाळा. रुग्णाला काय मिळणार, याची एक ओळही तिच्यात नव्हती.

खर्चाचा प्रश्न निघेलच. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहापैकी साधारण नऊ औषधं पुढे टिकत नाहीत; तो खर्च मोकळेपणाने सांग, पण फुगवून सांगू नकोस. एकदा आकडा खोटा ठरला की पुढची दहा वर्षं तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि तोंडी आश्वासनावर उठून येऊ नकोस. औषधाला दहा-पंधरा वर्षं लागतात, तोवर समोरच्या खुर्चीत दुसरंच कुणी असेल. मुदत लिहून घे.

मसुदा बदललास की पाठव. रात्री कितीही वाजू देत, मी वाचून लगेच कळवीन.

तुझी,
आई