परदेशी पाहुणा घरी येणार असेल तर

महोदय,

माझ्या मुलाची जर्मन मैत्रीण, म्हणजे आमची होणारी सून, यंदा गौरी-गणपतीला मिरजेला आली. ई-टुरिस्ट व्हिसासाठी तिने इंटरनेटवर सगळ्यात वर दिसलेलं संकेतस्थळ उघडलं आणि सरकारी शुल्काच्या तिप्पट पैसे गेले. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे का, एवढंच बघायला हवं होतं. पोरीला रडू आलं, ते फोनवर ऐकवत नव्हतं.

अर्जात भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता, फोन लागतो. तो आमचाच दिला. फोटो चौरस हवा. जर्मन पासपोर्टचा फोटो उभट, म्हणून तिने स्वयंपाकघराच्या पांढऱ्या भिंतीपाशी उभं राहून नवा काढला.

परदेशी पाहुणा घरी उतरला की यजमानाने २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो; त्याला आधी 'सी फॉर्म' म्हणत, आता 'फॉर्म III' म्हणतात. हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं, आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. आरतीला आलेल्या निवृत्त हवालदार काकांनी विचारलं, तेव्हा चार तास उरले होते. ताम्हण बाजूला ठेवून मुलगा लॅपटॉपवर बसला.

सणासुदीआधी आपण ही माहिती ठळक छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक आई, मिरज