करोनाकाळातील हृदयविकाराच्या मृत्यूंची छाननी व्हावी

महोदय,

करोनाकाळातील मृत्यूंची चर्चा बहुतेक वेळा करोनाबळींचा खरा आकडा किती, या एकाच प्रश्नापाशी थांबते. त्याच काळात हृदयविकाराने गेलेल्यांचा हिशेब मात्र अजून लागलेला नाही. माहितीच्या अधिकाराखाली मुंबई महापालिकेकडून मिळालेल्या आणि वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार शहरात हृदयविकाराच्या झटक्याने २०१८ मध्ये ८,६०१, २०१९ मध्ये ५,८४९ आणि २०२० मध्ये ५,६३३ मृत्यू नोंदले गेले. २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांतच ही संख्या १७,८८० झाली. २०१९ आणि २०२० मध्ये महिन्याला सरासरी पाचशेच्या आत असलेले मृत्यू तीन हजारांच्या घरात गेले.

मला त्याहून अधिक खटकतो तो २०२० चा आकडा. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या देशव्यापी पाहणीत त्या वर्षी मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत झटका येऊन दाखल होणाऱ्या रुग्णांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. झटके येण्याचे थांबले नव्हते. लोकल बंद होती, रिक्षा-टॅक्सी मिळत नव्हती, नायरसारखे मोठे रुग्णालय करोनासाठी राखीव झाले होते आणि रुग्णालयात गेलो तर संसर्ग होईल, या धास्तीने माणसे छातीतली कळ घरीच सोसत होती. हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत होतो. ती वेळ हुकली की हृदयाचा स्नायू कायमचा दुबळा होतो आणि त्यातून वाचलेला रुग्णही पुढे काही महिन्यांनी दगावू शकतो. इतक्या जणांना उपचार मिळाले नसतील, तर मृत्यू वाढायला हवे होते. ते २०१९ पेक्षाही कमी दिसतात, याचा अर्थ ते दुसऱ्याच कारणाखाली नोंदले गेले किंवा कारणाविनाच राहिले, अशी शंका येते.

२०२१ मधील वाढ मात्र काही अंशी खरी असणार. हा विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज आणतो आणि गुठळ्यांचा धोका वाढवतो. संसर्गानंतरच्या काही आठवड्यांत हृदयविकार व पक्षाघात अधिक होतात, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. (या आकड्याचे खापर लशीवर फोडणारे संदेश अजूनही फिरतात. तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंविषयीच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासात लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. करोनामुळे रुग्णालयात राहावे लागलेल्यांत तो अधिक आढळला.) तरीही एका वर्षात सहापट वाढ केवळ आजाराने होत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिले, तर मूळ आजार करोना होता, मधुमेह होता की मूत्रपिंडाचा विकार, हे कधीच कळत नाही. देशात २०२० मध्ये नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते, आणि त्यांतले ३२.१ टक्के रक्ताभिसरणाच्या विकारांचे होते. शेजारच्या गोव्यात मात्र नोंदलेल्या सर्वच मृत्यूंचे कारण प्रमाणित झाले होते, म्हणजे हे काम अशक्य नाही.

दाखल्यावरील कारणाच्या शब्दांवर कुटुंबांचा हक्कही अवलंबून होता. चाचणीनंतर तीस दिवसांतील मृत्यू करोनाचा मानण्याचा नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आला, तेव्हा दुसरी लाट ओसरली होती. ज्यांची चाचणीच झाली नव्हती आणि ज्यांच्या दाखल्यावर केवळ हृदयविकार होता, त्यांच्या वारसांना करोनाबळींच्या कुटुंबांसाठीच्या पन्नास हजारांच्या सरकारी साह्यासाठी दाखवायला कागद नव्हता.

महापालिकेने २०२० आणि २०२१ मधील मृत्यू-कारणाचे नमुना ४ (रुग्णालयातील मृत्यू) आणि ४-अ (रुग्णालयाबाहेरील मृत्यू) चे दाखले हृदयरोगतज्ज्ञ व रोगप्रतिबंधक वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्यावेत. नावे वगळून, महिना, वय, विभाग आणि मृत्यू घरी झाला की रुग्णालयात, अशा तपशिलासह निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. पुढच्या साथीत प्रत्येक विभागातील कोणती कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते तो कक्ष) केवळ हृदयरुग्णांसाठी उघडी राहील, हेही आत्ताच ठरवून जाहीर करावे.

— एक वाचक, मुंबई