जुन्या पैठणीचे वय कशावरून ठरवावे?

संपादक महोदय,

जुन्या साड्यांच्या विक्रीत ‘व्हिंटेज पैठणी’ हे शब्द हल्ली सर्रास वापरले जातात. मात्र रंग विटला किंवा घडीवर रेशीम विरले, एवढ्याने कापड जुने ठरत नाही. साधारणतः वीस वर्षांहून जुन्या कापडाला व्हिंटेज आणि शंभरी ओलांडलेल्याला अँटिक म्हणण्याचा प्रघात आहे. हातमागावरच्या पैठणीच्या पदरात रंगीत बाणा (आडवा धागा) नक्षीच्या हद्दीपर्यंत जाऊन शेजारच्या धाग्यात अडकून मागे फिरतो, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. पण ही परीक्षा विणीची झाली, वयाची नव्हे, कारण येवल्यात आजही असेच विणतात. वयासाठी जर, म्हणजे काठपदरातला चमकता जरीचा धागा, पाहावी. जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार रेशमी धाग्यावर गुंडाळलेली असे आणि मुलामा झिजला की ती काळवंडते. प्लास्टिकची जर मात्र चकचकीतच राहते. (त्या चांदीपायी कित्येक घरांतल्या पैठण्या जाळल्या गेल्या, ही हळहळ वाटण्याजोगीच गोष्ट आहे.) विक्रेत्यांनी विणीचे ठिकाण, अंदाजे काळ आणि मागाहून केलेले रफू किंवा जोडलेला नवा काठ यांची लेखी नोंद ग्राहकाला द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, पुणे