मराठी विषय शिक्षकांसाठी सूचना : लेखनगुण कार्यशाळा

केंद्रातील सर्व मराठी विषय शिक्षकांना कळविण्यात येते की, चांगल्या लेखनाचे गुण ओळखणे व वर्गात शिकवणे यावरील कार्यशाळा येत्या शनिवारी दुपारी १ वाजता केंद्रशाळेत होईल. आशय, मांडणी, सूर, शब्दनिवड, वाक्यांची लय व लेखननियम या ६ गुणांपैकी भर आशयावर राहील. कारण केवळ शुद्धलेखनाच्या लाल खुणा पाहून काय सांगायचे राहिले, हे मुलाला कळत नाही.

• प्रत्येकाने सहावी-सातवीचे २ न तपासलेले निबंध, विद्यार्थ्यांची नावे झाकून, आणावेत.
• ‘मला पावसाळा आवडतो’ या मोघम वाक्यापासून ‘आजीने पन्हळीखाली कळशी लावली’ अशा नेमक्या तपशिलापर्यंत मुलाला कोणत्या प्रश्नांनी न्यावे, याचा गटांत सराव होईल.
• येणे शक्य नसल्यास गुरुवारपर्यंत केंद्रप्रमुखांना कळवावे.