आबांच्या ट्रंकेतली संगीन

ड्युसेलडॉर्फ,
रविवार

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाले. आधी महत्त्वाचं सांगतो. आबांच्या ट्रंकेतल्या त्या सुऱ्याला ब्रासो, चिंच, पॉलिश पेपर, काही म्हणता काही लावू नका. खंडेनवमीला पूजेत ठेवता असं लिहिलंस, ठेवा की. फक्त हळदकुंकू पाटावर वाहा, मुठीवर नको, आणि नंतर कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा. काकूंना माझं नाव घेऊन सांग, तुझं ऐकणार नाहीत.

घरात सगळे तिला सुरा म्हणत असले तरी ती संगीन आहे. जर्मन पायदळाच्या ९८के माउझर बंदुकीला लावायची, ८४/९८ नमुन्याची. मुठीच्या टोकाची खाच आणि बटण बंदुकीवर अडकवण्यासाठी. मुठीच्या पाठीवरची पोलादी पट्टी गोळी सुटताना नळीतून येणाऱ्या जाळासाठी. तपकिरी मूठ लाकडाची नव्हे, बेकेलाइटची. पात्याच्या मुळाशी ‘४१’ आणि ‘सी-ओ-एफ’ अशी अक्षरं दिसतात, म्हणजे १९४१ साल आणि झोलिंगेनचा कार्ल आइकहॉर्न कारखाना. आधी कारखान्याचं पूर्ण नाव ठोकत. १९४० च्या सुमारास त्याजागी सांकेतिक अक्षरं आली, माल शत्रूच्या हाती पडला तरी कारखान्याचा पत्ता लागू नये म्हणून.

झोलिंगेन माझ्या घरापासून लोकलनं जवळच आहे. शेकडो वर्षं पाती घडवणारं गाव. कुणाही ऐऱ्यागैऱ्यानं त्या गावाचं नाव चाकूवर ठोकू नये म्हणून १९३८ साली खास कायदा झाला. ग्रेफ्राट भागात पात्यांचं संग्रहालय आहे. जुनी पाती जमवायचा हा नाद मला लागला तो तिथेच. येशील तेव्हा अख्खा दिवस तिथे घालवू, वहिनींना ऱ्हाइनकाठी फिरायला पाठवून.

आता तू ज्याचा एकच फोटो पाठवलास, तोही तिरका, त्या म्यानाकडे येतो. गड्या, खरी गंमत तिथे आहे. पात्यावरचा अनुक्रमांकाचा आकडा (सालाचा नव्हे) आणि म्यानावरचा आकडा वेगळा आहे. कारखान्यातून संगीन आणि म्यान एकाच आकड्यानं बाहेर पडत. त्यामुळे इथल्या बाजारात आकडे जुळले तर भाव चढतो, नाही जुळले तर विकणारा खाली मान घालून ‘जोडी फुटलेली आहे’ म्हणतो. तुला साताऱ्यात कुणीसं तेच सांगितलं आणि तू हिरमुसलास. त्या माणसाचं मनावर घेऊ नकोस. शरण आलेल्या तुकड्या कमरेचे पट्टे सोडून ढिगात टाकत. ज्याला आठवण हवी तो वरचं पातं उचले, कुणी म्यान. दुरुस्तीच्या डेपोतही अदलाबदल व्हायची. लुटीच्या मालाची जोडी अगदी नव्यासारखी जुळली की उलट मला शंका येते. आकडे नव्यानं ठोकून देणारे इथे कमी नाहीत. माझ्या कपाटात बहुतेक फुटक्या जोड्याच आहेत, आणि त्या मी मुद्दाम घेतल्या आहेत.

तुझ्या म्यानावर, फोटो मोठा करून पाहिला तर, ‘४४’ आणि ‘ए-एस-डब्ल्यू’ आहे. हा झोलिंगेनचाच दुसरा कारखाना, हॉर्स्टर. साल १९४४. आता तू लिहिलेली घरची गोष्ट घे. आबांनी एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत गोऱ्या सैनिकाच्या हातून ती हिसकावली म्हणे. आबांची तिसरी मराठा बटालियन केरेनला होती हे खरं. मार्च १९४१ मध्ये ‘फ्लॅट टॉप’ नावाची टेकडी त्यांनीच घेतली. पण तिथे समोर इटलीचं सैन्य होतं. आणि १९४४ चं म्यान १९४१ च्या एरिट्रियात कसं जाणार? नुसतं पातं हातात असतं तर मी गप्प बसलो असतो. म्यानानं गोष्ट मोडली.

मोडली म्हणजे आबा खोटं बोलले असं नाही. ते केरेनबद्दल बोलले असतील, संगिनीबद्दलही बोलले असतील. दोन गोष्टींची गाठ मागाहून कुणी मारली असेल, बहुधा तुझ्या थोरल्या काकांनी, त्यांना गोष्ट सजवायची हौस होतीच. तीच बटालियन पुढे दहाव्या हिंदी डिव्हिजनमधून इटलीत लढली. नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशिनगनवर धावून गेले. गोळ्या संपल्या, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगनच्या दस्त्यानं त्यांनी उरलेल्या दोघांना लोळवलं. लगेच दुसरीकडून आलेल्या गोळ्यांनी ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. ही संगीन आबांना तिथे मिळाली, की २ मे १९४५ ला इटलीतल्या जर्मन फौजांनी शस्त्रं खाली ठेवल्यावर एखाद्या ढिगातून, की सिगारेटच्या बदल्यात दुसऱ्या शिपायाकडून, ते म्यान सांगू शकत नाही. मला विचारशील तर ढीगच. बहुतेक अशीच मिळाली. त्यानं आबांचं काही कमी होत नाही. केरेनपासून इटलीपर्यंत जिवंत पोचलेला माणूस.

बेळगावला मराठा रेजिमेंटच्या केंद्राला आबांचा सेवा क्रमांक देऊन पत्र टाक, ते कधी कुठे होते ते विचार. ट्रंकेत त्यांचं डिस्चार्ज बुक असेल, त्यावर क्रमांक सापडेल.

तू विचारलंस, हे नाझींचं कशाला जमवतोस. रास्त प्रश्न आहे. गणवेशाबरोबर मिरवायच्या गरुडछापी खंजिरांना मी हात लावत नाही. त्यांनाच भाव जास्त, नकलाही त्यांच्याच जास्त, आणि ते घेणाऱ्यांपैकी काहींच्या डोळ्यांतली चमक मला आवडत नाही. इथे नाझी चिन्ह उघड दाखवणं गुन्हा आहे, म्हणून जुन्या वस्तूंच्या बाजारातल्या टेबलांवर त्या चिन्हांवर कागदाच्या टिकल्या चिकटवलेल्या असतात. कारखान्यात निघालेली, शिपायाच्या कमरेला घासलेली कामाची वस्तू मला वाचायला आवडते. बुटात किंवा अंगरख्याला अडकवायचा जवळच्या लढाईचा चाकू घे. त्याच्या पोलादी म्यानाला मागे स्प्रिंगची पट्टी असते, ती किती वाकली आहे त्यावरून तो कुठे अडकवला होता हे जवळजवळ सांगता येतं. छत्रीधारी सैनिकांचा, मुठीतून आपोआप खाली घसरणाऱ्या पात्याचा चाकू मात्र मी घेऊ शकत नाही. असले चाकू इथे २००३ पासून सरसकट बंद आहेत.

कायद्याचं निघालंच आहे तर तुझंही ऐक. आपल्याकडच्या शस्त्र कायद्याच्या नियमांत संगिनीचं नाव आहे, आणि ९ इंचांहून लांब पात्यांचा वेगळा उल्लेख आहे. तुझं पातं २५ सेंटिमीटरचं, म्हणजे नऊ इंचांच्या वर. घरातली जुनी ठेव म्हणून कुणी लगेच दारात येणार नाही, तरी ओळखीच्या वकिलाला विचार आणि लागेल ती नोंद करून टाक. मला दाखवायला कुरियरनं पाठवायचा विचार मनातसुद्धा आणू नकोस.

पातं म्यानात अडकलंय म्हणतोस. ओढाताण करू नकोस. आत धरून ठेवणाऱ्या पट्ट्या गंजल्या असतील. तोंडाशी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-चार थेंब सोड, दोन दिवस थांब, मग हलकेच हलव. तोंडाजवळचा स्क्रू उघडू नकोस, त्याची खाच एकदा फाटली की संपलं. म्यान कमरेच्या पट्ट्याला लटकवायच्या चामड्याच्या अडकवणीला खोबरेल लावू नका, बुरशी धरेल. पावसाळ्यात डब्यात सिलिकाच्या पुड्या टाक, बुटांच्या खोक्यात येतात त्याच.

आणि एक काम कर. त्या अडकवणीच्या मागच्या बाजूचा फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता पाठव. कारखान्याचं नाव आणि साल असलं तर तिसरा साक्षीदार मिळेल. नाव नसून शून्य, तिरकी रेघ आणि पुढे आकडे असतील तर माल युद्धाच्या उत्तरार्धातला. किंमत विचारली होतीस. विकायची असेल तर साफ सांग, मग वेगळं बोलू. पण काकू विकू देतील असं वाटत नाही.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. फोटोची वाट पाहतो.

तुझा,
मकरंद